सहलीला नेलेलं मत

पेठ वडगावजवळच्या आमच्या गावात बनाबाईएवढ्या सभा कुणी ऐकल्या नसतील. कुठलाही पक्ष असो, ती पुढच्या सतरंजीवर. वक्त्याचा आवाज जड झाला की शेजारणीला कोपरानं ढोसायची, "आता टावेलानं डोळं पुसंल बघ." आणि तो पुसायचाच. पुढाऱ्यांवरून बायका भांडायला लागल्या की म्हणायची, "अगं, त्यास्नी भांडू द्या की. त्यांची सोयरीक कवा जुळंल सांगता येत न्हाय, आणि तुमचं मातर हळदीकुंकू बंद."

मागं दूध संघाची निवडणूक लागली. गावच्या महिला दूध संस्थेतर्फे एकीनंच मत द्यायचं असतं. तसा ठराव बनाबाईच्या नावानं झाला. मतं फुटू नयेत म्हणून एका पॅनेलनं आपल्या मतदारांना मतदानापर्यंत गोकर्णाकडं सहलीला न्यायचं ठरवलं.

निघण्याआधी ती कबनूरला थोरल्या बहिणीला, आक्काला, भेटून आली. आक्कानं अंथरूण धरलं होतं. तिचा लेक पिराजी यंत्रमागावर कामाला गेलेला.

"ह्या वक्ताला नगं जाऊस, बने," आक्का म्हणाली.

"चार दिसांत आलोच की. समुद्र बघतो आणि मत माझ्या मनानं देतो. मी काय त्यांच्या नादाला लागणारी हाय व्हय?"

बस सुटताच पॅनेलच्या विजयसिंहनं सगळ्यांचे फोन पिशवीत गोळा केले. "विरोधक फोन करून तरास देत्यात, मावशी." बनाबाई हसली. डाव तिला कळला होता. कळला होता म्हणूनच तिनं बिनघोर फोन दिला.

समुद्र झाला, देवदर्शन झालं. मग मात्र तिला चैन पडेना. "माझ्या बहिणीची खबर घ्या जरा," ती विजयसिंहला म्हणाली.

तो बाजूला जाऊन फोनवर बोलून आला. "बरं हाय म्हणं. तुम्ही निवांत ऱ्हावा."

परतीची बस थेट मतदान केंद्रावर आली. मत देऊन ती बाहेर आली, तेव्हा कुठं फोन हातात पडला. चालू केला तर पिराजीचे मिस कॉलच मिस कॉल. आक्काला जाऊन दोन दिवस झाले होते. पिराजीनं पॅनेलच्या ऑफिसातही निरोप ठेवला होता.

ती तशीच कबनूरला गेली. पिराजी ओरडला नाही. "लई वाट बघितली, मावशी. माणसं थांबंनात. मग नेली," एवढंच म्हणाला.

वर्षाच्या आत दोन्ही पॅनेलं एक झाली. एकाच हारात दोन्हीकडच्या पुढाऱ्यांच्या माना. गावात कुणी विजयसिंहला शिव्या घातल्या की बनाबाई अडवते. "त्यानं त्याचं काम केलं. मला समदं कळत हुतं. कळतंय ह्या घमेंडीतच मी गेलो."

सभांना ती आता जात नाही. कबनूरला जाते. पिराजी चहा ठेवायला सांगतो, बस म्हणतो, पुढं बोलणं सरकत नाही.

गेल्या श्रावणात त्याला नात झाली. बनाबाईला ते वडगावच्या बाजारात कबनूरच्या एका बाईकडून कळलं. तिनं लगेच फोन लावला.

"सांगणारच हुतो," पिराजी म्हणाला. "पर म्हटलं, मावशी कुठं गावाला गेली असंल."

बाळ-बाळंतीण बरी हायत का, एवढं तिनं विचारलं आणि फोन ठेवला.