मावशीचा राग, मावशीचे माठ

माझ्या थोरल्या मावशीला एका दिवसात जेवढा राग यायचा तेवढा लातूर जिल्ह्यातल्या बाकी सगळ्या माणसांना मिळून वर्षभरात येत नसेल, हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे. आणि एवढ्या तापट बाईच्या हातच्या माठात पाणी मात्र असं गार व्हायचं, की मे महिन्यात पहिल्या घोटाला दात ठणकावेत. मावशी सकाळी उठायची तीच मातीवर चिडून. चाळलेल्या मातीत एखादा खडा सापडला तर तो कुणीतरी मुद्दाम, वैर धरून पाठवला आहे अशा थाटात ती त्याला झापायची आणि कुंपणापलीकडे भिरकावायची. लातुरातले टांगे कमी व्हायला लागले तेव्हा टांगेवाल्यांपेक्षा जास्त संताप मावशीला आला होता, कारण मातीत मिसळायला घोड्याची लीद मिळेना. "रिक्षा काय हागती व्हय रे?" असं तिनं एका रिक्षावाल्याला भर चौकात विचारलं होतं. तो बिचारा भाडं न घेता निघून गेला.

एकाच माणसावर ती कधी चिडली नाही, ते म्हणजे आमचे काका, तिचे मालक. काका दिवसभरात दहा शब्द बोलले तर खूप बोलले. ते चाकावरून मडकं उतरवून ठेवायचे, आणि ते ओलसर असतानाच मावशी आतून गोल दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापीनं ठोकून ठोकून त्याचं पोट फुगवायची. पातळ, गोल आणि सगळीकडून सारखं. तिच्या रागाला वाट मिळावी म्हणूनच देवानं तिला कुंभाराच्या घरात घातली, असं गावात म्हणायचे. तिची धाकटी बहीण म्हणजे माझी आई. आम्हीही कुंभारच, पण माझ्या वडिलांनी चाक सोडून दुकानात नोकरी धरली आणि मी बी.कॉम. झालो. याबद्दल मावशीनं आमच्या घराला कधीच माफ केलं नाही.

शिरूर अनंतपाळकडं तिचं गाव. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडच्या गावांसारखं ते पार मातीत गेलं नाही, पण मावशीच्या घराच्या तीन भिंती पडल्या आणि विकायला काढलेले सगळे रांजण, माठ, घागरी एका दमात फुटल्या. मी तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा काका खापरांच्या ढिगाशेजारी बसले होते आणि मावशी शिव्या देत होती. जमिनीला. "इतकी वरसं तुपली माती डोक्यावर वाहिली, अन् तू हे करून राहिलीस?" मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. पुढच्या आठवड्यात लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले, आणि तिथं स्वयंपाकाला चूल नाही म्हटल्यावर मावशी शेडच्या रांगेरांगेनं चुली घालत सुटली. एकीकडे "वाकडी बसलीस तर वाकडीच भाकर खाशील" असं बायकांना दरडावत होती, एकीकडे हात चालू. त्या दिवसांत ती एकदाही थकली नाही. पण पुढे सरकारी घरं आली ती सिमेंटची, ओळीतली, अंगण टीचभर. तिथं आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावली की शेजारी धुराच्या तक्रारी घेऊन येत. माती आणायचं तळं लांब राहिलं. धंदा बसला.

त्याच सुमारास एक संस्था गावात आली. हाताच्या कामातून बायकांना कायमची कमाई कशी करता येईल, हे शिकवायला. शहरातून आलेल्या एका मुलीनं मावशीला हत्ती, कासव आणि कान असलेली पणती करायला सांगितली. मावशीनं विचारलं, "कासव कशाला लागतं?" मुलगी म्हणाली, "दिवाणखान्यात ठेवायला." मावशी म्हणाली, "अन् तहान लागली तर?" तरी संस्थेनं तिला नांदेडच्या प्रदर्शनात जागा दिली, कारण माठ खरंच देखणे होते. मला लिहिता-वाचता येतं म्हणून मी सोबत गेलो.

संस्थेच्या लोकांनी टेबलावर एक पाटी लावली होती. मावशीला वाचता येत नव्हतं. पहिले दोन तास माठ भराभर खपले आणि ती खूश होती, म्हणजे तिच्या मानानं कमी चिडत होती. मग दोन बायका आल्या. एक दुसरीला म्हणाली, "घेऊ या गं एक. बिचारी." तिनं माठाकडं बघितलंसुद्धा नाही, पर्स उघडली. मावशीचा हात थांबला. "बाई, माठ बघितलात का?" बाई हसून म्हणाल्या, "अहो, असू द्या, मदत म्हणून घेतेय." मावशीनं माझ्याकडं वळून विचारलं, "पाटीवर काय लिवलंय रे?" मी वाचलं: भूकंपग्रस्त महिलेने बनवलेले.

पुढचं सांगायला मला अजून घाम येतो. मावशीनं ती पाटी उपटली, त्या बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "हे घेऊन जा. हेच पायजे ना तुमाला? माठ मी माघारी नेते." संस्थेचे साहेब धावत आले. समजावायला लागले, "मावशी, तुमच्या भल्यासाठीच आहे हो. त्या पाटीनं विक्री होते."

"एकदा व्हती," मावशी म्हणाली. "कीव येऊन नेलेला माठ फुटला तर माणूस दुसरा घ्यायला येत न्हाई, साहेब. पाणी गार लागलं तर येतंय. मला गिऱ्हाईक पायजे."

साहेबांना राग आला नाही, वाईट वाटलं, आणि त्यामुळे मावशीला आणखी राग आला.  नांदेडहून येताना गाडीत मी तिच्यावर मनातून चिडलो होतो. दरवर्षीची जागा मिळाली असती, ऑर्डरी मिळाल्या असत्या, काकांना सुख लागलं असतं. तेवढं मी बोलूनही दाखवलं. तिनं खिडकीबाहेर बघत फक्त विचारलं, "तू माठ बघितलास का आज एकदा तरी?" मी बघितला नव्हता.

महिन्याभरात मावशी आणि काका दोन्ही मुलींना घेऊन लातूरला आले. शहराच्या कडेला एका वीटभट्टीवाल्याच्या पडक्या जागेत काकांनी चाक मांडलं, आणि मावशी माठ घेऊन क्लासच्या गल्लीत बसायला लागली. क्लासची तेव्हा नुकती लाट आली होती. कुठून कुठून, अगदी हिमायतनगरकडून, मुलं यायची. पत्र्याच्या खोलीत चौघं चौघं राहायची, आणि उन्हाळ्यात पिंपातलं पाणी चहाला चालेल इतकं तापायचं. तिथं मावशीचा माठ म्हणजे औषध होतं. पण घेणं सोपं नव्हतं. माठ खोलीत कुठं ठेवणार, खाली वाळू घालणार का, ओलं फडकं कोण बदलणार, या तिन्हीची उत्तरं नीट आली तरच माठ मिळायचा. दारामागं ठेवीन म्हणणाऱ्या एका मुलाला तिनं "मग फुटलेलाच ने की, तुजा वेळ वाचंल" असं सांगून परत पाठवलं. तो दुसऱ्या दिवशी कोपऱ्याचं माप घेऊन आला.

आणि मी कुठं होतो? त्याच गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या क्लासमध्ये, फीच्या खिडकीत. ही नोकरी मला मिळाल्याचं कळलं तेव्हा मावशीनं अभिनंदन केलं नाही. खिडकीतून मला फाटकाबाहेर बसलेली ती सरळ दिसायची, आणि जे दिसायचं त्यानं मलाही हळूहळू राग यायला लागला. बाप लोक माझ्यापुढे यायचे, आकडा ऐकायचे, गिळायचे आणि निमूट नोटा मोजायचे. एकानंही कधी "काही कमी करा" म्हटलं नाही. तेच बाप बाहेर जाऊन मावशीपुढे उकिडवे बसायचे आणि दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करायचे. एकदा मावशी ओरडलेली मला आतपर्यंत ऐकू आली. "आत जीब टाळूला चिकटती, अन् मातीपाशी आलं की सुटती व्हय? त्याला इचार की, एवढं कामून घेतोस म्हून!" बोट माझ्या खिडकीकडं होतं. मी मान खाली घालून पावती फाडली. ती बरोबर बोलत होती, आणि पावती फाडण्याचा पगार मला मिळत होता.

मग क्लासची नवी इमारत झाली. क्लास चालवणाऱ्या सरांनी मला बोलावून सांगितलं, फाटकापुढे गाड्या लागतील, त्या बाईंना हलवा. ती माझी मावशी आहे, हे सरांना माहीत नव्हतं. आणि मी ते सांगितलं नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी खाली गेलो, मावशीपुढे उभा राहिलो, उन्हाबद्दल बोललो, काकांच्या गुडघ्याबद्दल विचारलं. शेवटी सांगितलं.

"एवढंच सांगायला पायावर पाय घासत हुबा व्हतास?" ती उठली. थापीची धूळ लागलेलं लुगडं झटकलं आणि आत आली. मला वाटलं आता ती थेट सरांच्या खोलीत शिरणार. तशी ती शिरली नाही. फीच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे अकरा बाप होते. अकरा जण होईपर्यंत ती गप्प उभी होती, आणि आयुष्यातली ती सगळ्यात लांब अकरा माणसं मी त्या दिवशी उरकली. मग ती खिडकीपाशी आली.

"फाटकापाशी बसायची फी किती हाय, साहेब?"

तिनं मला साहेब म्हटलं. रांगेत कुणीतरी हसलं.  तोवर सर बाहेर आले होते. मावशी त्यांच्याकडं वळली. "तुमी लेकरांला बुद्धी देता, मी पाणी देते. ह्या समद्यांला इचारा, कुणाकुणाच्या लेकराच्या खोलीवर माज्या हातचं पाणी हाय." रांगेतल्या दोघातिघांनी हात वर केले. एका बापानं तर "माठ लई गार आहे, सर" असं मास्तरांपुढे उत्तर दिल्यासारखं सांगितलं. सर हुशार होते. एवढ्या पालकांसमोर त्यांनी हसून मावशीला भिंतीच्या बाजूची जागा देऊन टाकली. ती जागा गटाराला लागून होती. मावशीनं जागा बघितली, सरांकडं बघितलं, आणि तिथं फरशी टाकून बसली. गिऱ्हाईक वास सोसत तिथंही आलं. ज्यांची मोठी मुलं शिकून गेली ते धाकट्यांना घेऊन यायचे तेव्हा आधी माझ्या खिडकीत आणि मग न चुकता तिच्याकडं यायचे. त्या गटाराच्या कडेला बसून तिनं दोन खोल्यांचं घर बांधलं, दोन्ही मुलींची लग्नं केली, आणि कुणाच्या कीवेचा एक पैसा घेतला नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काका गेले. दुपारी चाकावरून उठले, पाणी प्यायले आणि आडवे झाले ते झालेच. थापून झालेले पंचवीस-तीस माठ सावलीत वाळत होते, भाजायचे बाकी होते. तेराव्यानंतर मावशीनं एकटीनं आवा लावला आणि ते माठ घेऊन गल्लीत आली. प्रवेशाचे दिवस होते, मला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी मधून मधून बघत होतो. ती कुणाला काही विचारत नव्हती. कुणी कमी सांगितलं की तेवढ्यात देत होती.

संध्याकाळी पाचला मी खाली उतरलो तेव्हा फरशी रिकामी होती. ती माठांखाली घातलेल्या गवताचा पसारा गोळा करत होती. मी म्हणालो, "मावशे, एक तरी ठेवायचास माझ्यासाठी. काकांच्या हातचा शेवटचा."

मावशी माझ्याकडं बघून हसली. तिला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

"तुला कशाला ठेवू, बाळा? तुज्याकडं फ्रीज हाय की."

खरंच होतं. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडून एकही माठ घेतला नव्हता. हे तिनं रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.