आभाळातला ठिपका आणि आप्पांच्या मेंढ्या

नवं शतक लागलं त्या सुमाराला मी आभाळाचा नोकर होतो. उपग्रहाला खाली आग दिसली की पुण्यातल्या एका संस्थेच्या कागदावर तांबडा ठिपका उमटायचा. मी फटफटीवरून जाऊन त्या ठिपक्याखाली काय जळालं ते बघून यायचं. माळावरचं गवत मुद्दाम कोण पेटवतं, हे त्यांना हुडकायचं होतं. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके माझ्या खिशात. शिक्रापूरच्या टपरीवर मी सांगायचो, वरून माणसाच्या दाढीचे खुंट मोजता येतात. एक ट्रकवाला दुसऱ्या दिवशी दाढी करून आला. त्या फुशारकीचा आज संताप येतो, कारण माझ्या थापांवर सगळ्यात जास्त विश्वास मीच ठेवला होता.

दर ठिपक्यामागं एक फॉर्म. संस्थेतल्या साहेबांचा खोळंबा नको म्हणून मी गठ्ठाभर कोऱ्या फॉर्मांवर आधीच सह्या ठोकल्या होत्या. मी फोनवर सांगायचं, त्यांनी भरायचं.

एका फाल्गुनात ठिपका पडला तो आमच्याच कुरणावर. खुटबावच्या पुढं आमचं गाव. त्या कुरणावर माझ्या चुलत्यांच्या, आप्पांच्या, साठेक मेंढ्या जगायच्या. गाडी अशी पळवली की माझी सावली मागं राहिली. बघतो तर कुरण शाबूत. गुडघ्याएवढं पिवळं गवत वाऱ्यावर डुलतंय. जळालं होतं ते बांधापलीकडं, आमच्या कुरण कमिटीच्या अध्यक्षांच्या उसाचं पाचट. ऊस तुटून गेला की ते दरसाल काडी लावायचे.

मी साहेबांना फोन केला. "साहेब, गवताची काडी जळाली न्हाई. शेजारच्या रानातलं पाचट जळालंय."

"ठिपक्याचा मध्य कुरणात येतोय."

"केवढा हाय तुमचा ठिपका?"

"एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद."

"एवढ्यात आमचं देऊळ, शाळा आन् माझी सासुरवाडी बसती. तीबी जळाली म्हणून लिवा."

साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहिलं: कुरण जळाले, मेंढपाळांनी मुद्दाम पेटवले. खाली सही माझी.

संस्थेनं कुरण कमिटीला धाडलेला तो कागद अध्यक्षांनी पारावर वाचून दाखवला. जळालेलं कुरण सावरायला हवं, म्हणून दिवाळीपर्यंत चराई बंद.

"आवं, गवत उभं हाय की," आप्पा म्हणाले. "चला, दावतो."

"मलाबी दिसतंय, आप्पा. पर वरनं आलेल्या कागदाला न्हाई कसं म्हणू? सही तुमच्याच पुतण्याची हाय."

मी कुरणातून पेंढीभर गवत उपटून आणलं आणि त्या कागदावर आपटलं. "ही राख. फुंकर मारा, उडती का बघू."

पार हसला. हसून सगळे घरी गेले. बंदी तशीच राहिली.

आठवडाभरात मेंढ्यांच्या फासळ्या लांबून मोजता येऊ लागल्या. तेव्हा अध्यक्ष स्वतः आमच्या दारात आले. "आप्पा, माझं रान मोकळंच पडलंय. तिथं बसवा मेंढ्या. उसाचं वाढं टाकतो त्यास्नी."

एरवी रानात मेंढ्या बसवल्या की खत मिळतं म्हणून शेतकरी मेंढपाळाला ज्वारी देतो. यंदा ज्वारीचं नाव नाही, वर उपकाराचा आव. पाचट यानं जाळायचं, कुरण आमचं बंद करायचं आणि लेंड्या फुकटात घ्यायच्या. माझ्या डोक्यातून एवढा जाळ निघत होता की उपग्रहानं दुसराही ठिपका मारला असता.

"जायाचं न्हाई तिथं," मी आप्पांना म्हणालो.

"मग त्यास्नी काय चारू? तुझा कागद?"

गेलो. त्या काळ्या रानात मेंढ्या कोंडायची जाळी मीच रोवली. पायाला नडगीपर्यंत काजळी. मेंढ्यांनी वाढ्याला तोंड लावलं, पण बांधापलीकडच्या गवताचा वास आला तशी पुढची मेंढी जाळीवरून उडाली आणि सगळा कळप तिच्या मागं निघाला. आप्पा ओरडत आडवे धावले. जन्मात मेंढीला काठी न लावलेला तो माणूस आपल्याच जनावरांना झोडपत उभ्या गवतापासून मागं हाकत होता. कुरणात एक पाय पडला असता तर पुन्हा कागद आला असता.

मीही काठी उचलली आणि दुसऱ्या बाजूनं हाकायला लागलो.