जगातला एक नंबरचा बँड

आमच्या मिरजोळ्याच्या कारखान्यात होळीपर्यंत फारसं काम नसतं. आंब्याचा पल्प काढणारा कारखाना तो. आंबाच आला नाही तर काढायचं काय. यंत्रं उघडून पुसायची, रिकामे डबे रचून ठेवायचे आणि जेवणाची सुट्टी होईल तेवढी लांबवायची.

जेवायला आम्ही तिघी एकत्र बसायचो. मी पॅकिंगमधली. दुसरी हिशेब बघणारी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही दोघी मांडवीच्या, एकाच गल्लीतल्या. तिचे वडील बोटीवर होते, भाऊ आखातात, त्यामुळे गल्लीतला पहिला टेपरेकॉर्डर तिच्या घरी आला होता आणि गाण्यातलं आपल्यालाच कळतं हा तिचा समज तेव्हापासूनचा. तिसरी प्रयोगशाळेतली, आमच्याहून बरीच लहान, कोल्हापूरकडची. लग्न होऊन पावसला आली होती. सासरची आंब्याची बाग, माणसं चांगली. ती बोलताना पटकन ‘व्हय’ म्हणायची आणि लगेच जीभ चावून ‘हो’ म्हणायची.

एकदा तिने मोबाईलवर आलेलं काहीतरी वाचायला घेतलं. जगातले आजवरचे सर्वांत थोर बँड आणि गायक, एक नंबरपासून खाली. ती एकेक इंग्रजी नाव वाचत होती आणि आम्ही दोघी ओळखीचं असल्यासारख्या माना हलवत होतो. बरंच वाचून झालं तेव्हा मैत्रिणीने बांगड्याचा काटा बाजूला काढत विचारलं, “यातल्या कोणी कोणाच्या वरातीत वाजवलंय काय गो?”

तिथून सगळं सुरू झालं. मैत्रिणीचं म्हणणं असं की, ज्याला आपण समोर बसून ऐकलं नाही, ज्याच्यामुळे आपले पाय जागचे हलले नाहीत, त्याला थोर म्हणायचं तरी कशावरून? मला ते एकदम पटलं. मग आपणच क्रम लावायचा असं ठरलं आणि ठरल्याबरोबर भांडण लागलं. मी म्हटलं, जगात एक नंबर म्हणजे माझ्या मामाची बेंजो पार्टी. मैत्रीण म्हणाली, तिच्या खालाच्या पुढे बेंजोबिंजो सगळं झूट. खाला म्हणजे तिची मावशी, लग्नाघरी बायकांना घेऊन गाणारी. कोल्हापूरची पोर हळूच म्हणाली की, तिच्या गावाकडे एक ब्रास बँड आहे, त्यातला क्लॅरोनेटवाला वाजवायला लागला की घोडासुद्धा थांबून ऐकतो.

घोडा ऐकतो म्हटल्यावर आम्ही दोघींनी एकदम हरकत घेतली. एवढा आरडाओरडा झाला की साहेब बाहेर डोकावून गेले. शेवटी असं ठरलं की ऐकल्याशिवाय निकाल नाही. तिघींनी मिळून तिन्ही ऐकायचे. त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटरवर एकटीच हसत होते. माझं वय काय, मी करतेय काय. घरात यांना सांगितलं तर हे म्हणाले, “जेवायला घालून जा म्हणजे झालं.”

पहिली पाळी खालाची आली, कारण मैत्रिणीचा भाचा सुट्टीवर आला होता आणि त्याचं लग्न लागत होतं. हळदीला दुपारी मी आणि कोल्हापूरची पोर नटूनथटून गेलो. दारातच भिंतीएवढे स्पीकर. डीजेवाला दाढीवाला, काळा चष्मा लावलेला, आणि आवाज असा की छातीत कोणीतरी कपडे आपटून धुतंय. खाला एका कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर, तोंड भिंतीकडे. गुडघे दुखतात म्हणून मी हल्ली गात नाही, असं तिने आम्हाला सांगितलं. पण ती कोणावर रुसली होती ते सगळ्या घराला ठाऊक होतं.

मैत्रीण स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिच्या वहिन्या एकेक करून बाहेर येऊ लागल्या आणि डीजेवाल्याला वाढू लागल्या. आधी बिर्याणी, मग आणखी बिर्याणी, मग सांदणं, मग शेवयांची खीर. पाहुणा नको म्हणतो ते मनावर घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीतच. शेवटी तो चष्म्यासकट गादीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. वहिनीने स्पीकरचं बटण बंद केलं. घर असं शांत झालं की समुद्र ऐकू यायला लागला.

मैत्रिणीने खालाच्या मांडीवर एक मोठा टोप पालथा ठेवला आणि हातात पळी दिली. खालाने टोपाकडे बघितलं, घोरणाऱ्याकडे बघितलं, आणि पळीने एक टोला दिला.

मी पुष्कळ गाणी ऐकली आहेत, पण त्या दुपारी जे झालं ते वेगळंच. खालाचा आवाज घोगरा, मध्येच फाटणारा, पण ताल असा पक्का की बायका कामं टाकून आल्या. गाणं त्यांच्या बोलीतलं. आधी नवऱ्याची खोड काढली, मग त्याच्या बापाची, मग हजर असलेल्या एकेका पाहुण्याची. गाता गाता ती ओळ जुळवत होती. माझ्यावर आली तेव्हा म्हणाली की ही आंबे डब्यात भरते, पण डबा हलकाच का लागतो? कोल्हापूरच्या पोरीवर आली तेव्हा म्हणाली, घाट उतरून आली गूळ घेऊन, आणि पहिल्याच घासाला काटा अडकला. पोर हसून हसून भिंतीला टेकली. मी तर हळदीच्या पाटावरच जाऊन बसले, आणि नवऱ्या मुलाला उठवून मलाच कोणीतरी हळद लावली. संध्याकाळी पिवळ्या तोंडाने घरी आले तेव्हा यांनी दारातच विचारलं की नेमकं लग्न कोणाचं होतं.

मग शिमगा आला. माझं आजोळ लांज्याच्या आतल्या बाजूला, डोंगरातलं. वर्षभर गावात म्हातारी माणसं आणि बायकाच. शिमग्याला मात्र मुंबईची सगळी मंडळी येतात आणि पालखी नाचते. मामा मुंबईत गिरणीत होता, नंतर कुठे वॉचमन, पण सणाला आला की खांद्यावर बेंजो. आता तो गावीच असतो. मी दोघींना घेऊन सकाळच्या एसटीने गेले. वाटेत मी मामाची एवढी स्तुती केली की मैत्रीण म्हणाली, आता त्याने काहीही वाजवलं तरी कमीच पडणार.

कमी पडलं नाही. ऊन डोक्यावर, लाल मातीचा धुरळा, ढोलताशे आणि त्यांच्यावर चढलेला तो बेंजोचा तारांचा आवाज, गाडीच्या बॅटरीवर चालणारा, जरा किरकिरा. मामाचं वय झालंय; पण बोटं बटणांवर अशी पळत होती की दिसेनात. पालखी खांद्यावरून खांद्यावर जात होती आणि माणसं ओरडत होती, “मास्तर, आणखी एकदा.” माझी मैत्रीण, जिने बेंजोला झूट म्हटलं होतं, ती बाजूच्या बायकांत घुसली आणि नाचत सुटली. तिची एक चप्पल उडून कोणाच्या घरामागच्या परड्यात गेली. मीही नाचले. मला अजून इतकं नाचता येतं हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नव्हता ती गोष्ट वेगळी.

कोल्हापूरची पोर मात्र नाचली नाही. ती मामाच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या बोटांकडे बघत राहिली. पालखी टेकल्यावर गावची माणसं मामाला पाणी देत होती, कोणी टॉवेलने त्याचं तोंड पुसत होतं, सरपंच पाहुण्यांना सांगत होते, हा आमचा मास्तर. हे सगळं ती बघत होती.

परतीच्या एसटीत मी तिला म्हटलं, आता तुझा घोडेवाला राहिला, त्याला कधी ऐकवतेस? याआधी दोनदा विचारलं तेव्हा तो आजारी होता, मग बँड कुठे बाहेरगावी गेला होता. या वेळी ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, “ताई, ते माझे बाबा हायत.”

मग तिने सगळं सांगितलं. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला, आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरोनेट. स्थळ जमवताना मध्यस्थाने सांगितलं की कारखान्याचं तेवढं सांगा, बँडचं राहू द्या. बागायतदार माणसं आहेत, बँडवाल्याची मुलगी म्हणून नाक मुरडतील. वडीलच म्हणाले, राहू दे. तिच्या लग्नात दुसऱ्याच कोणाचा बँड आणला होता. तो इतका बेसूर वाजवत होता की तिला अक्षता पडताना रडू आलं, आणि लोकांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून रडतेय. वडील हात जोडून पाहुण्यांना ‘पाणी घेतलं का’ विचारत फिरत होते. सूर चुकला की त्यांच्या हाताची बोटं हलायची, ते तिने अंतरपाटाच्या बाजूने बघितलं होतं.

मैत्रीण म्हणाली, “घोडा थांबून ऐकतो ते खरं ना पण?”

“खरं,” ती म्हणाली. “एकदा वरात अर्धा तास अडकली हुती.”

आणि त्या एसटीत आम्ही तिघी रडतारडता हसायला लागलो. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला.

तिचे वडील दरवर्षी एप्रिलात हापूस न्यायला पावसला यायचे, गुळाच्या ढेपी घेऊन. या खेपेला तिने फोनवर सांगितलं, वाद्य घेऊन या. ते नको म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. रविवारी आम्ही दोघी आंबे बघायच्या निमित्ताने तिच्या घरी जाऊन बसलो. बारीक अंगाचे, इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ पडवीत बसले होते आणि गुळाच्या पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं.

ती सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं. बँडचं, मध्यस्थाचं, सगळं. सांगताना एकदाही ‘हो’ म्हणाली नाही, सगळीकडे ‘व्हय’. तिचे वडील मान खाली घालून बसले. सासरे आंब्याचा देठ खुडता खुडता थांबले.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग व्याह्यांकडे वळून विचारलं, “मग लग्नात त्या बेसुऱ्याला कशाला आणलात हो आमच्या डोक्यावर?”

एक क्षण कोणालाच कळेना की हसायचं की काय करायचं. आधी सासरे हसले. तो माणूस वर्षातून दोनदा हसतो म्हणे. मग व्याही हसले आणि हसता हसता त्यांनी टॉवेलाची गाठ सोडली. वाद्य जोडलं, फुंकायची पत्ती जिभेवर ओली केली, आणि पडवीच्या कठड्याला टेकून वाजवायला लागले.

पहिले सूर अगदी हळू होते. बागेत आंबे उतरवणारे नेपाळी गडी काठीला जाळी बांधलेले झेले हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग व्याह्यांनी वरातीची चाल धरली आणि सगळं सुटलंच. गडी नाचले, मैत्रीण नाचली, मी गुडघे विसरून नाचले. एका गड्याने आपल्या गावचं गाणं गुणगुणून दाखवलं, ते व्याह्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि लगेच वाजवलं. तो गडी ओरडत तीन उड्या मारून आंब्याच्या पेटीवर आपटला. सासूबाई ‘माझी पेटी, माझी पेटी’ करत मध्ये आल्या आणि नाचात सापडल्या. पोर कठड्यावर बसून एवढ्या मोठ्याने टाळ्या वाजवत होती की तिचे तळवे लाल झाले.

मैत्रिणीला राहवलं नाही. तिने खालाला व्हिडिओवर फोन लावला आणि मोबाईल व्याह्यांच्या समोर धरला. खालाने थोडा वेळ ऐकलं, मग तिचंच ते हळदीचं गाणं सुरू केलं. व्याही मागून वाजवायला लागले. दोन ओळी झाल्या आणि खाला थांबली. “त्यांना सांग,” ती म्हणाली, “दुसरी ओळ वरून घ्यायची. खाली घेतली तर नवरा पळून जाईल.” व्याह्यांनी मोबाईलला नमस्कार केला आणि दुसरी ओळ वरून घेतली.

संध्याकाळी निघताना आम्ही त्यांना स्पर्धेचं सांगितलं आणि त्यांचा निकाल विचारला. मामाचा बेंजो आम्ही मोबाईलवर भरून आणला होता, तो त्यांनी कान लावून दोनदा ऐकला. “हा एक नंबर,” ते म्हणाले. मैत्रिणीचा चेहरा पडला. मग म्हणाले, “आणि त्या बाई त्याच्या वर.” एक नंबरच्या वर कसं काय, असं मी विचारलं तर ते पत्ती काढून पुसत बसले. रिक्षात मांडवी येईपर्यंत आमचं त्यावरून भांडण चालू होतं. आम्ही उतरताना रिक्षावाला म्हणाला की त्याचा मेव्हणा पिपाणी वाजवतो, एकदा ऐकून बघा.

मे महिन्यात पावसला पोरीच्या सासरी सासऱ्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. घाटावरून टेम्पो भरून बँड आला, पांढरे डगले, सोनेरी झालर, घामाने निथळणारे. आम्हाला आमंत्रण होतं. हंगाम ऐन भरात, तरी दोघींनी रजा टाकली. वरातीच्या पुढे तिचे वडील क्लॅरोनेट घेऊन, आणि त्यांच्या शेजारी तिचे सासरे, हातातल्या पंख्याने त्यांना वारा घालत. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईने कोल्हापूरच्या पोरीला विचारलं, कुठला गो हा बँड, काय वाजवतोय मेला.

“बाबा हायत माझे,” ती म्हणाली, आणि त्या बाईचा हात धरून तिलाही नाचायला ओढून घेऊन गेली.