मोटारसायकलचं दावं

माझं लग्न व्हायच्या आधी माझा संसार एका मोटारसायकलशी सुरू झाला होता. ऐंशीनंतरची गोष्ट. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, हँडल इतकं खाली की चालवणाऱ्यानं टाकीवर छाती टेकूनच बसावं. हुमनाबादच्या हायवेवर तिचा कान पिळला की लॉऱ्या मागं पडत आणि ढाब्यावर जेवणारी माणसं घास हातात धरून बघत. मला तेवढंच हवं होतं. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात माझी नोकरी, काम उसाच्या बांधाबांधानं फिरायचं, आणि गाडी अशी की काळ्या रानातल्या चाकोरीत शिरली की पोट टेकवून बसायची. महिन्यातून दोनदा तरी कुणाच्या तरी बैलजोडीनं ती ओढून काढावी लागे. तरी मी तिच्याबद्दल कुणाचं ऐकून घेत नसे. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणत, "हे जनावर औताचं न्हाई, शर्यतीचं हाय. आपल्याला शर्यत कुठं लावायचीय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करी.

मग खरं लग्न झालं. आमचं गाव कोहिनूर गावाच्या बाजूला, बायकोचं माहेर भालकीकडं, एका फाट्यावरून बरंच आत. तिथून नव्या नवरीला मी मोठ्या थाटात गाडीवर घेऊन निघालो. मागची सीट चालवणाऱ्याच्या पाठीकडं उतरती होती, ही गोष्ट तोवर माझ्या ध्यानात आली नव्हती, कारण मागं बसायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ब्रेक दाबला की ती बिचारी घसरून माझ्या पाठीला चिकटे. सावरून मागं सरकेपर्यंत पुढचा खड्डा. गावात शिरताना पारावर अप्पा चार माणसांत बसलेले, समोर म्हशी आडव्या आल्या, मी करकचून ब्रेक दाबला आणि तिच्या सासऱ्यासमोर, गावासमोर बायको माझ्या गळ्यात. चार माणसांनी माना दुसरीकडं वळवल्या. अप्पांनी तर पायतणं शोधायचं नाटक केलं, ती त्यांच्या पायातच होती.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी या गाडीवर पुन्हा बसणार न्हाई."

"कामून? भ्या वाटलं?"

"पडायचं भ्या न्हाई वाटलं. लाज वाटली."

मी चिडलो, समजूत घातली, पुन्हा चिडलो. तिनं शब्द फिरवला नाही. माहेरी जायचं झालं की ती एसटी धरी. आमच्याकडून कल्याण, म्हणजे आमचं तालुक्याचं गाव, कल्याणहून भालकी, तिथून फाटा, फाट्यावरून पायी. घरी पोचून पाणी पिऊन होतंय तोवर परतीच्या गाडीची वेळ. तिची आई दारातच भाकरी बांधायला घेई. आमच्या घरी गुरं-ढोरं, माझी आई गुडघ्यानं अधू, त्यामुळं मुक्कामाला राहायची सोय नव्हती. जाऊन आली की ती दोन दिवस कमी बोले. तिच्या माहेरचं नाव काढलं की मी गाडीवर फडकं मारायला जाई.

त्या वर्षी येळवस जवळ आली. आमच्या भागात या अमावस्येला गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात. कडब्याची खोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे करायचे, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. लग्नानंतरची पहिली येळवस मुलीनं माहेरच्या रानात करावी, अशी तिच्या आईची हौस. आणि त्या दिवशी एसटी धावली तर धावली. ड्रायव्हर-कंडक्टरलाही रान असतं.

"मी जाणार हाय," बायको म्हणाली. "कशी जाणार ते तुमी बघा."

आता मात्र माझा नाइलाज झाला. हुमनाबादला ढाब्यांच्या रांगेत माझ्याच वयाच्या एकाचं टायरचं दुकान होतं. त्याची माझ्या गाडीवर कधीपासून नजर. त्याच्याकडं एक विचित्र गाडी होती, त्यानंच जोडलेली. जुनी एक सिलिंडरची गाडी, तिला उंच शॉक, रुंद हँडल, मडगार्ड चाकापासून वीतभर वर उचललेलं, सीट सपाट फळीसारखी. टायर मात्र सडकेचे. चढायला टांग उंच टाकावी लागे, पण एकदा बसलं की कणा ताठ आणि खड्डे कुठल्या कुठं. लोक तिला उंट म्हणत. तो म्हणाला, "बरोबरीनं अदलाबदल करू. वरून द्यायचं न्हाई, घ्यायचं न्हाई." त्याचं आयुष्य हायवेवर, माझं बांधावर. दोघांचीही गाडी चुकीच्या माणसाकडं होती.

अमावस्येला व्यवहार करत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच तो आपल्या वडलांना घेऊन उंटावर बसून आमच्या दारात आला. त्याचे वडील म्हणजे अप्पांचीच प्रत. धोतर, खांद्यावर टॉवेल, बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. दोघं म्हातारे भेटले आणि आम्हा दोघांची व्यवहारातली जागा संपली. त्याच्या वडलांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर थाप दिली आणि म्हणाले, "वळण चांगलं हाय, पर खाणं जास्त दिसतंय." अप्पांनी उंटाची चाकं बघितली, सीट हातानं दाबून बघितली. "पाय लांब हायत. चिखलात चालंल." मग बैलबाजारात भाव ठरवताना करतात तसे दोघांनी टॉवेलाखाली हात घातले आणि बोटं धरली. भाव ठरवायचाच नव्हता, पण जनावर देताना बोटं धरल्याशिवाय कसं चालेल. कुणाला काय सांगितलं देव जाणे, दोघंही समाधानानं हसले.

चहा झाला. टायरवाला उठून माझ्या गाडीवर बसला, मी उंटावर. दोघांनी एकाच वेळी हात पुढं केला आणि दोघांच्याही हाताला चावी लागेना. माझ्या गाडीची मी लावलेलीच ठेवली होती, हे मला पक्कं आठवत होतं.

"अप्पा, चावी?"

अप्पांनी कोपरीचा खिसा दाबून धरला. "ती आपली. दावं कुठं देतात का?"

आमच्याकडं बैल विकला की दावं देत नाहीत. जनावर जातं, दावं गोठ्याच्या खुंटीला राहतं. नाही तर बैलामागोमाग घरची बरकत निघून जाते, असा समज. घेणारा येताना आपलं नवं दावं घेऊन येतो. मोटारसायकलचं दावं कोणतं, याचा अप्पांनी चहा पिता पिता विचार केला होता. ज्याच्यावाचून जनावर जागचं हलत नाही, ते दावं. म्हणजे चावी.

मी वैतागून पाहुण्यांकडं वळलो. म्हटलं, हे तरी काही बोलतील. त्याचे वडील मान डोलवत होते. "बरोबर हाय अण्णा," ते अप्पांना म्हणाले, आणि आपल्या कमरेच्या चंचीवर थाप मारली. उंटाची चावी सुपारीशेजारी जाऊन बसली होती. "मी बी काढून घेतलीय. पोरान्ला काय कळतंय?"

असं भांडण मी आजवर बघितलेलं नाही. दोन्ही विरुद्ध बाजूंचं एकमत, आणि त्या एकमतामुळं सगळं अडलेलं. म्हातारे एकमेकांवर इतके खूश झाले की त्यांनी दुसरा चहा सांगितला. टायरवाला डोक्याला हात लावून बसला. त्याच्या वडलांनी हँडल लॉक करून चावी काढली होती, त्यामुळं उंटाची मान डावीकडं वळलेली. तार जोडून चालू केला असता तर तो आमच्या अंगणात गोल गोल फिरला असता.

"नवी चावी करून आणा," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाइकानंच आणायची असतीय."

"नमुना तरी द्या," मी म्हणालो.

"नमुना दिला म्हणजे दिल्यावाणीच की."

"आणि चावीवाला येळवशीला गावाकडं गेलाय, अप्पा. कल्याणात एक दुकान उघडं न्हाई."

"मग अमावस्या झाल्यावर बघू. गाड्या काय वैरण मागायल्यात का?"

मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. वडलांशी बोलू नये असं बरंच बोललो. आतून आई म्हणाली, "पाहुण्यासमोर आवाज चढवू नकोस," म्हणून मी आवाज उतरवला आणि तेच पुन्हा बोललो. अप्पांवर काही परिणाम झाला नाही. बैल विकताना ते माझ्या आजोबांशीही भांडलेले होते.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं दूध नेणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर माहेरी निरोप धाडला होता, उद्या येतेय म्हणून. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजवून झालं होतं. न्यायचं मडकं धुऊन उपडं घातलेलं. ती रडेल असं मला वाटलं आणि मी तिच्याकडं बघायचं टाळलं. ती रडली नाही. डोक्यावरचा पदर नीट करून मागच्या दारानं गोठ्यात गेली, खुंटीवरचं एक जुनं दावं घेऊन आली, परक्या माणसांसमोरून सरळ चालत माझ्या गाडीपाशी गेली आणि तिनं ते हँडलला बांधलं. बैलाला बांधतात तशी पक्की गाठ.

"मामा," ती अप्पांना म्हणाली, "जनावर जायलंय. दावं सोडून घ्या."

अप्पांनी दाव्याकडं बघितलं, मग खिशाकडं, मग पुन्हा दाव्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला की मला माझ्याच बापावरचा राग विसरायला झालं. ते उठले, दोन्ही हातांनी गाठ सोडली, दाव्याचं वेटोळं करून खांद्यावर टाकलं. दावं सुटल्यावर खिशातली ती वस्तू नुसती चावी उरली. ती त्यांनी टायरवाल्याच्या हातावर ठेवली. आणि जिला आजवर एकही चांगला शब्द दिला नव्हता, त्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवून म्हणाले, "जा बाई, नीट ऱ्हा."

आता पाहुण्यांची पाळी. बायको दुसरं दावं आणायला वळली तशी त्याच्या वडलांनी हात आडवा केला. "ते तुमच्या गोठ्यातलं. आमच्या जनावराला आमचंच पायजे." मी पुन्हा तोंड उघडणार होतो. पण म्हाताऱ्यानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला, पीळ देऊन उंटाच्या हँडलला बांधला, दोन पावलं मागं सरून नमस्कार केला, आणि मग तोच टॉवेल सोडून पुन्हा खांद्यावर टाकला. चंचीतून चावी निघाली. तिला कात लागला होता.

माझी जुनी गाडी गल्लीतून वळून गेली. तिचा आवाज कल्याणच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता आणि मला चक्क गलबलून आलं. अप्पा शेजारी उभे होते. त्यांना ते दिसलं, पण ते बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच घोळ. उंटाची सीट बायकोच्या छातीशी येत होती आणि ती पाचवारी नेसलेली. शेवटी गाडी ओट्याला लावली, ती ओट्यावरून अलगद सीटवर आली. वाटेत जिथं थांबलो तिथं ओटा नाही तर मैलाचा दगड शोधावा लागला. भालकीत एका रसवंतीवाल्यानं बाकडं दिलं आणि वर विचारलं, "हे काय, गाडी हाय का माळा?" वेगवान गाड्यांवरची पोरं जोरात पुढं निघून गेली. पूर्वी मी त्यांच्या मागं लागलो असतो. आता लागून उपयोग नव्हता, एक सिलिंडर होतं. पण बायको सपाट सीटवर ताठ बसली होती, तिच्या मांडीवर आंबिलीचं मडकं, आणि आमच्या दोघांमध्ये भज्जीचा डबा राहील एवढी जागा. फाट्यावरून आत शिरल्यावर करडई आणि तुरीच्या रानांतून जाताना ती बोलायला लागली. हे कुणाचं रान, त्या बांधावर ती कशी पडली होती, या विहिरीत कोण पोहायचं. वर्षभराचं बोलणं तिनं त्या चाकोरीत संपवलं. मी फक्त हूं म्हणत होतो.

रानात सगळे वाटच बघत होते. खोपीत पूजा झाली, जेवणं झाली, पुन्हा एकदा झाली. सासरे शेजारच्या रानातल्या माणसांना ओढून आणत होते. सासूबाई सकाळपासून उभ्या होत्या. वाढ, भर, हे घे, ते घे. ऊन कलायला लागलं तशी त्यांनी सवयीनं फडकं पसरलं आणि त्यात उंडे, धपाटे बांधायला घेतले. हात भराभर चालत होते. लेकीकडं बघायलाही त्यांना सवड नव्हती.

"आई, काय करायलीस?"

"एसटीची येळ झाली की, बाई. फाट्यापतूर चालायचंय."

"मी एसटीनं आले न्हाई, आई."

सासूबाईंनी खोपीबाहेर बाभळीखाली उभ्या असलेल्या गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या तोंडात घास होता.

"मग कवा जायचंय?"

"दिवस मावळायच्या आत. अजून लई येळ हाय."

सासूबाईंच्या हातातली गाठ अर्धीच राहिली. त्यांनी फडकं बाजूला सारलं, इकडं-तिकडं बघितलं, जणू बसायचं कुठं हेच त्यांना माहीत नव्हतं. मग कडब्याची एक पेंढी ओढून त्या लेकीच्या समोर खाली बसल्या.

"सांग बाई," त्या म्हणाल्या.