उंदरांच्या भुकेचे डॉक्टर

आमच्या समोरच्या दारातल्या डॉक्टरांइतका भुकेचा विचार केलेला माणूस अख्ख्या बदलापुरात सापडायचा नाही, आणि तो सगळा विचार उंदरांच्या भुकेचा! मोरिवलीजवळच्या एका औषधांच्या कंपनीत ते उंदरांना हार्मोनची इंजेक्शनं द्यायचे आणि त्यांच्या मेंदूतली भूक लावणारी पेप्टाइड नावाची रसायनं वाढतात की घटतात ते बघायचे. बिल्डिंगमधलं कुणी ताप घेऊन आलं की म्हणायचे, "तुम्हाला शेपटी असती तर काहीतरी सांगितलं असतं." उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका लग्नात माझे मिस्टर आणखी एक जिलबी घ्यायला गेले, तर यांनी भर पंगतीत त्यांचा हात धरला. "थांबा! पोट भरल्याचा निरोप आतड्यांतून निघालाय, मेंदूत पोचू दे!" निरोप पोचेपर्यंत वाढपी पुढे गेला. आमच्या जिन्यात उंदीर झाले तेव्हा सगळे झाडू घेऊन धावले, हे मात्र उकिडवे बसून, "काय छान खातोय हो!" म्हणून कौतुक करत होते. वैताग नुसता! पण माणूस मनानं लोण्यासारखा मऊ.

कंपनीत त्यांचा हिशेब सरळ होता. घातलेल्या खाण्यातून उरलेलं वजा केलं की उंदरानं किती खाल्लं ते कळतं. घरीही तेच. संध्याकाळी आले की पोळ्यांचा डबा उघडायचे. रिकामा दिसला की खूश. "जेवलीस ना? छान!" त्यांची बायको, मी तिला ताई म्हणायचे, हसून मान डोलवायची.

मग एक दिवस ताई ओट्यापाशीच कोसळली. दवाखान्यात विचारलं, जेवण कसं आहे? "उत्तम," डॉक्टर ठासून म्हणाले. तेव्हा ताई हळूच म्हणाली, "अहो, मला अन्न जातच नव्हतं. पोळ्या मी खालच्या गाईला घालत होते. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून." आम्हालाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता. पोटातलं दुखणं तोवर फार पुढे गेलं होतं. ताई गेली. "पिंजऱ्याखाली सांडलेला चुरासुद्धा मी चाळून मोजायचो हो, वहिनी," एवढंच ते मला म्हणाले.

आता रात्री ते आमच्याकडे जेवतात. परवा भात कालवता कालवता हात थांबला. "वहिनी, मला अजून भूक लागते. रोज, अगदी वेळेवर. लाज वाटते हो."

मी त्यांना आणखी थोडं वरण वाढलं. ते खाली मान घालून जेवू लागले, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत मी समोरून उठले नाही.