झेंड्याचं वय

इंदापूरच्या बाजारातले आमचे शिंपीमामा कापडाचं वय सांगायचे. कापड नाकाशी न्यायचे, एक दोरा ओढायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे. भर वऱ्हाडात नवरदेवाला "ह्या कोटाचं हे तिसरं लगीन हाय" असं सांगणारा हा माणूस. गोड बोलणं त्यांना जमतच नसे.

एकदा कळसचे तात्या चरख्याचा जुना झेंडा घेऊन आले. तो शाळेच्या कपाटात ठेवायचा होता.

"बेचाळीसला हाच घिऊन आमी तुरुंगात गेलो. मास्तर म्हणत्यात, किती जुना हाय ते इचारून या."

मामांनी झेंडा हुंगला, दोरा ओढला. किनार उलटताना मात्र त्यांचा हात थबकला. मलाही दिसलं. माझ्या प्रत्येक सदऱ्याला असायची तीच, मामांच्या मशिनची तिहेरी शिवण.

"बेचाळीसचाच हाय," मामा म्हणाले. "जरा उसवलाय. उद्या न्या."

तात्या गेले. मामांनी ब्लेड घेतलं, आपलीच धडधाकट शिवण सगळी उसवली आणि सुईनं हातटाके घालायला बसले.

"मामा, हे काय?"

"तात्या तुरुंगात गेल्यालं खरं हाय," ते वर न बघता म्हणाले. "आन् बेचाळीसला माझ्याकडं मिशिन कुठं व्हती?"