मोगऱ्याचा हार घातलेले पाच जण

आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरू बाईची पाच माणसं एकदमच गेली, असं मी चांगले आठ दिवस धरून चालले होते. त्यात माझी फार चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. टाकी भरली का बघायला गच्चीवर गेले, तर तिचं दार उघडं. भिंतीवर पाच पुरुषांचा मोठा फोटो, त्याला ताज्या मोगऱ्याचा हार, आणि ही खाली फरशीवर बसून डोळे पुसतेय. मारुंजीत फोटोला हार घालायचं एकच कारण असतं.

बाई फिलिपिन्सची. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत, फोनवर इंग्रजी कसं बोलायचं ते आपल्या पोरांना शिकवायची. तिचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे नीट विचारपूस करायची सोय नव्हती. मी खाली आले, पिठलं केलं, चार भाकऱ्या थापल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा असतो. माणूस कुठल्या का देशाचं असेना. कडू घास लोक कसाबसा गिळतात. हिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आणखी ठेचा आहे का म्हणून खुणेनं विचारलं. दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मी नवऱ्याला सांगितलं.

खरं तर तेव्हा माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. शेजारी, थोरल्या जावेकडे, पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला मला बोलावणं येतं की नाही, या एकाच विचारानं मी पोखरून निघाले होते. थोरली आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो. आमच्या या भाड्याच्या खोल्या बांधताना अंगणातलं जुनं जातं कामगारांनी पायाच्या भरावात टाकलं. मी दोन दिवस माहेरी होते. आले तेव्हा वरून काँक्रीट पडलेलं. त्या जात्यावर आम्ही दोघींनी साऱ्या भावकीच्या हळदी दळल्या होत्या. थोरली गाण्यातला प्रश्न म्हणायची, मी उत्तर द्यायची. जातं कुठंय, असं तिनं विचारलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर, दगडच होता की. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मीही ताठाच धरला.

त्या पाच जणांची कहाणी मला त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी थोडी थोडी कळत गेली. मी भाजी निवडत बसायचे, ती शेजारी बसून शेंगा मोडत सांगायची. अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांत. समुद्राकाठच्या एका गावातली ही पाच पोरं. आधी चर्चमध्ये गायची. तिथं ढोल फार जोरात वाजवतात म्हणून त्यांना हाकललं. मग गावच्या जत्रेत गायली, मग लग्नांत, मग तिकडे त्यांच्या गाण्याशिवाय एकही वरात निघेना. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा मित्र, माझ्या काही ध्यानात राहीना. एक लांब केसांचा होता आणि एक आधी गाडीवर चालक होता. बाकीचे तिघे मला एकसारखेच दिसायचे. मी त्यांना नंबर दिले. तिलाही ते पटलं. चार नंबर असं म्हणाला, दोन नंबरला राग आला, असं आमचं चालायचं.

फुटले का, तर सीडीच्या वेष्टनावर दोन नंबरचं तोंड मोठं छापलं आणि बाकीच्यांची लहान. बाकी काहीही कळलं नाही तरी एवढं मला एका झटक्यात कळलं. आमच्याकडे फ्लेक्सवर कुणाचं तोंड केवढं यावरून मंडळं फुटतात, सख्खे चुलतभाऊ वेगळा गणपती बसवतात. प्रत्येक जण वेगळंच कारण सांगतो, असं ती म्हणाली. मी म्हटलं, सांगणारच. खरं कारण सांगायला लाज वाटते.

पण मेले कधी, ते काही येईना. कहाणी पुढं पुढं चालली होती. एक जहाजावर कामाला लागला, एकानं खानावळ काढली. मी मनाशी अपघाताची वाट बघत होते. शेवटी तिनं मला वर खोलीत नेऊन फोनवर चित्र दाखवलं. खानावळवाला टोपी घालून मासा तळत होता आणि ते कालचंच होतं. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, हा गेला ना? ती आधी घाबरली. मग तिला हार, पिठलं आणि मयताच्या घरात टाकावीत तशी माझी आठ दिवसांची दबकी पावलं असं सगळं एकदम उमगलं आणि ती हसून हसून भिंतीला टेकली. तिकडे मोगऱ्याचा हार देवाला घालतात, पाहुण्याला घालतात, आवडत्या माणसाला घालतात. बारा वर्षांनी पाचही जण एकत्र गाणार अशी बातमी आली होती, म्हणून ती रडत होती. आनंदानं. मला धड हसू येईना की राग येईना. जिवंत माणसांच्या नावानं मी कडू घास नेला होता.

त्याच आठवड्यात पत्रिका आली. नवऱ्याच्या नावाची, फाटकाच्या फटीतून आत सरकवलेली. बायकांना असं बोलावणं नसतं. घरी येऊन कुंकू लावून सांगतात. मी दोन दिवस दाराकडे कान लावून होते. कुणी आलं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी तिनं मला गाणं बघायला वर बोलावलं. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. ही गर्दी, आणि उजेडात चारच जण. दोन नंबर आलाच नव्हता. चौघं गायला लागले आणि मध्येच एका ठिकाणी एकदम गप्प झाले. नुसतीच वाद्यं वाजत होती. मग पुन्हा गाऊ लागले. पुढच्या कडव्यातही तसंच. मला वाटलं फोन बिघडला. तिनं सांगितलं, ती त्याची ओळ आहे. मी चिडले. चौघांत एकाला येऊ नये होय ती ओळ? येत असणारच. मग भरून काढा की. एवढी माणसं वाट काढून आलीत. ती नुसती मान हलवत राहिली, आणि या वेळी ती आनंदानं रडत होती की कसं, ते मला सांगता येईना.

हळदीच्या दिवशी सकाळी मी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले. पापड नव्हतेच फारसे. ती बाईही कठड्याला टेकून उभी राहिली, तिला बघायचं होतं. खाली थोरलीच्या अंगणात मांडव, आणि कुणाच्या तरी घरून आणलेलं जातं. पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावला. थोरलीनं गाणं उचललं. हळद कुणी आणली, हा तिचा प्रश्न. इतक्या वर्षांत आवाज तसाच होता.

उत्तर आलं नाही. भावकीतल्या साऱ्या बायकांना ते येतं, पण कुणीच तोंड उघडेना. सगळ्या थोरलीकडे बघत होत्या आणि थोरली जात्याकडे. जातं घरघरत राहिलं. तिनं पुन्हा तोच प्रश्न म्हटला.

मी ठरवून काही केलं नाही. वरूनच मला कंठ फुटला आणि मी उत्तर दिलं. वरमाईनं आणली, असं म्हणून गेले. ते मुलाकडच्या हळदीचं उत्तर. मुलीकडं मामा म्हणायचं असतं. बायकांच्या माना वर झाल्या. मला वाटलं, आता या कठड्यावरून खाली पडले तर बरं.

थोरलीनं जातं थांबवलं. पदरानं तोंड पुसलं आणि सहा वर्षांनी माझ्याकडं बघून बोलली.

"चुकलीस. पोरीकडची हळद हाय ही, वरमाई कुटनं आणलीस? खाली ये. जातं उसनं हाय, गळा तरी घरचा असू दे."

मी जिन्यावरून उतरले तेव्हा एका पायात माझी चप्पल होती आणि एका पायात त्या बाईची. फाटकात आमची धाकटी नणंद कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. खुंट्याला हात लावला, थोरलीनं प्रश्न म्हटला, आणि मी मामाचं नाव घेतलं.